मागून धडक बसली की चूक मागच्याचीच का? आणि अंतर नेमकं किती ठेवायचं?

घाटवाट

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात बायपासला चांदणी चौक ओलांडून बाणेरच्या दिशेने चाललो होतो. संध्याकाळची गर्दी, वेग पन्नासच्या आसपास. डावीकडून एक स्कूटर तिरकी घुसली, माझ्या पुढच्या हॅचबॅकने करकचून ब्रेक मारला. मीही मारला आणि थांबलो. दोन गाड्यांच्या मधून माणूस सहज जाईल एवढी जागा उरली होती. सुटलो असं वाटतंय तोवर मागून एक एसयूव्ही आदळली आणि माझी गाडी ढकलली जाऊन पुढच्याच्या डिकीवर गेली.

खाली उतरल्यावर पुढचा म्हणाला, "मला तुम्ही ठोकलंय, तुम्हीच भरा." मागचा म्हणाला, "तुम्ही अचानक ब्रेक मारला, मी काय करणार?" स्कूटरवाला केव्हाच पसार. जमलेल्या लोकांनी नेहमीचा निकाल देऊन टाकला, मागच्याची चूक. पण तीन गाड्या असल्या की मागचा कोण? पुढच्याच्या हिशोबाने मागचा मीच होतो.

कोणाला मोठी इजा झाली नाही. बायकोची मान आखडली होती, डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. पैशांचं बघू, पण मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. मधल्या गाडीची जबाबदारी किती? "सुरक्षित अंतर" म्हणजे कायद्याने किती? आणि आपल्या रस्त्यांवर ते ठेवायचं कसं, कारण जरा जागा सोडली की कोणीतरी घुसतंच.

कऱ्हाडकर

डॅशकॅम होता का? असेल तर ती क्लिप आधी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं रेकॉर्ड होतं.

घाटवाट

@कऱ्हाडकर, पुढचा कॅमेरा आहे, मागचा नाही. क्लिप काढून ठेवली आहे. गाडी पूर्ण थांबलेली दिसते, मग हिसका बसतो आणि पुढची गाडी अंगावर येते.

पंचनामा

मी बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांचे सर्व्हे केले, म्हणून लिहितो.

तीन गाड्यांच्या धडकेत आम्ही पहिला प्रश्न सगळ्यात पुढच्या चालकाला विचारायचो: हिसके किती बसले? एकच बसला असेल तर मधली गाडी थांबलेली होती आणि तिला ढकललं गेलं. दोन बसले असतील, आधी एक आणि मग दुसरा, तर मधल्याने स्वतः ठोकलं आणि नंतर त्याला मागच्याने. दुसऱ्या प्रकारात पुढच्याच्या नुकसानाचा निदान काही भाग मधल्याच्या खात्यावर जातो.

दुसरं, गाडीच बोलते. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली दबतं. त्या अवस्थेत पुढच्याला धडकलं तर आपल्या बंपरचा मार त्याच्या बंपरच्या खालच्या बाजूला बसतो, आणि त्याचा बंपर आपल्या ग्रिलवर, बॉनेटच्या कडेवर येतो. गाडी थांबून सरळ झालेली असताना ढकलली गेली तर दोन्ही बंपर जवळपास एकाच उंचीवर भिडतात. म्हणून दुरुस्तीला टाकण्याआधी पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शक्य तर शेजारी मोजपट्टी धरून. पुढच्याच्या डिकीचेही काढा. आणि रस्त्यावर गाड्या हलवण्याआधी लांबून एक फोटो हवा, ज्यात तिन्ही गाड्या, लेन आणि टायरच्या खुणा येतील. लोक नेमका तोच काढत नाहीत, तुटलेल्या दिव्याचे दहा काढतात.

पैशांचं. तुम्ही थांबलेले असताना ढकलले गेलात हे दिसत असेल तर तुमचं आणि पुढच्याचं, दोघांचंही नुकसान एसयूव्हीच्या थर्ड पार्टी विम्यातून निघायला हवं. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानासाठी साधारण साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. पण त्यासाठी पोलिसांकडे नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज लागतो. बंपर-डिकीसाठी कोणी तेवढी खटपट करत नाही. प्रत्येक जण आपापल्या पॉलिसीतून दुरुस्त करतो आणि काही चूक नसताना नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, घालवतो. पाच वर्षांत ५० टक्क्यांवर गेलेला बोनस एका क्लेमने शून्यावर येतो. हे अन्यायाचं आहे असं मला नोकरीत असतानाही वाटायचं. म्हणून मागच्याशी लेखी बोला. नुकसान किरकोळ असेल तर बोनसची रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च शेजारी मांडून मगच क्लेम टाका.

आणि रस्त्यावर उभं राहून "माझी चूक" किंवा "मी भरतो" असं कागदावर लिहून देऊ नका.

सानिका_म

मान आखडणं हलक्यात घेऊ नका घाटवाट. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं मागे राहतं, मानेला तो झटका बसतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाढू शकतं. हेडरेस्टचा वरचा कडा डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास असायला हवा. बहुतेक गाड्यांत तो अगदी खाली दाबून ठेवलेला असतो, म्हणजे मानेच्या मागे. वहिनींच्या सीटचा आजच बघा.

अ‍ॅड_मेधा

कायद्याचं मी लिहिते. "मागून ठोकणारा आपोआप दोषी" असं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. १९८९ च्या रस्ता नियमांतला २३ वा नियम असं सांगत होता की पुढची गाडी अचानक मंदावली किंवा थांबली तरी धडक टळेल इतकं पुरेसं अंतर मागच्याने ठेवलं पाहिजे. "अचानक" हे त्या नियमातच गृहीत आहे. म्हणून "त्याने अचानक ब्रेक मारला" हा बचाव एकट्याने फारसा टिकत नाही. त्याच्या लगेच पुढचा २४ वा नियम पुढच्यासाठी होता: सुरक्षिततेची गरज असल्याशिवाय एकदम ब्रेक मारायचा नाही. २०१७ मध्ये नवीन चालन विनियम आले, तरी तत्त्व तेच राहिलं.

किती मीटर म्हणजे पुरेसं, हे नियमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ च्या एका निकालात यावर बोट ठेवलं. ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर चाललेली कार ट्रकने ब्रेक मारल्यावर त्यावर आदळली होती. न्यायालय म्हणालं की व्याख्या नाही, पण ढोबळ नियम आहे: परिस्थिती उत्तम असताना निदान दोन ते तीन सेकंदांचं अंतर. दहा-पंधरा फूट हे सुरक्षित अंतर नव्हेच, आणि दोष कारचालकाचा धरला गेला.

आता दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये कोइंबतूरच्या प्रकरणात निकाल आला. महामार्गावर एका कारने कोणताही इशारा न देता एकदम ब्रेक मारला. मागून मोटारसायकलवर येणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कारला धडकून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा पाय गेला. कारचालकाचं म्हणणं होतं की गरोदर पत्नीला उलटीसारखं होत होतं. न्यायालयाने ते महामार्गाच्या मधोमध थांबण्याचं समर्थन मानलं नाही. दोष असा वाटला: कारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के, आणि अंतर न ठेवल्याबद्दल व वैध परवाना नसल्याबद्दल विद्यार्थी २० टक्के. म्हणजे मागून धडकणाऱ्याचा वाटा सगळ्यांत कमी निघाला.

घाटवाट, तुमच्या पुढच्याने स्कूटर आडवी आली म्हणून ब्रेक मारला. ते सुरक्षिततेसाठीच होतं, त्याचा दोष नाही. तुम्ही थांबलात, म्हणजे तुमचं अंतर पुरेसं होतं याचा तुमच्याकडे पुरावाच आहे. एसयूव्हीला तसं म्हणता येत नाही.

निरंजन_७७

सगळं खरं, पण न्यायाधीश एसीत बसून तीन सेकंद सांगतात. त्यांनी एकदा हिंजवडीला ऑफिस सुटताना गाडी चालवून दाखवावी. तीन सेकंदांत पाच बाइक आणि एक रिक्षा मावते.

गणिती

निरंजन, तुमची अडचण खरी आहे, आणि तरी आकडे बघण्यासारखे आहेत.

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा, सेकंदाला किती मीटर ते मिळतं. ६० ला जवळजवळ १७ मीटर, १०० ला २८ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पूर्ण दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद धरतात. १०० च्या वेगात तेवढ्यात ४२ मीटर गेले, गाडी अजून एक किलोमीटरनेही मंदावलेली नाही. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर थांबायला ५५ मीटर. एकूण ९७. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दीडपट-दुप्पट होतं.

मग दोन सेकंद, म्हणजे ५६ मीटर, पुरतात कसे? कारण पुढचाही ब्रेक मारूनच थांबतो, त्यालाही ते ५५ मीटर लागतात. आपल्याला फक्त आपल्या प्रतिक्रियेचा वेळ झाकायचा असतो. आणि घात इथेच होतो. पुढची गाडी ब्रेकने न थांबता उभ्या ट्रकवर आदळून जागच्या जागी थांबली, तर तिचे ५५ मीटर आपल्याला मिळत नाहीत. मी गणित मांडून बघितलं: १०० च्या वेगात दोन सेकंद मागे असाल तर तुम्ही तिला ८५ च्या आसपास वेगाने धडकता. तीन सेकंद मागे असाल तर पन्नासच्या आसपास. चार सेकंद मागे असाल तर थांबता. द्रुतगती मार्गावर धुक्यात एकामागोमाग गाड्या आदळतात त्या अशा.

म्हणून पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे बघत चालवू नका, तिच्या काचेतून आरपार तिच्या पुढच्याकडे बघा. पुढे उंच ट्रक किंवा बस असेल तर पलीकडचं दिसत नाही, तिथे अंतर वाढवायचं. आपण नेमके तिथेच आडोशाला गेल्यासारखे चिकटतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. पुढच्या गाडीने दिव्याचा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. म्हणून होण्याआधी आपण खांबाशी पोचलो तर जवळ आहोत.

आणि घुसणाऱ्यांबद्दल. एक गाडी घुसली की अंतर पुन्हा करायला तुम्ही दोन सेकंद मागे पडता. पूर्ण प्रवासात तीस गाड्या घुसल्या तरी एक मिनिट उशीर.

निरंजन_७७

एक मिनिटाचं पटलं. पण अंतर वाढवायला मी मंदावलो की मागचा हॉर्न आणि डिपर मारून जीव नकोसा करतो, त्याचं काय?

एसटीवाला_आबा

निरंजनराव, मागचा चिकटलाय म्हणून तर पुढचं अंतर वाढवायचं. मागचा जवळ असला की तुम्हाला जोराचा ब्रेक परवडत नाही, हलका आणि लांबून मारावा लागतो. त्याला पुढं जागा लागते. तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी, दोघांसाठी तुम्हीच जागा ठेवायची. अगदीच त्रास देत असेल तर डावीकडं घेऊन सोडून द्या त्याला.

मी महामंडळात गाडी चालवली, सातारा डेपोला होतो. खंबाटकी, कात्रज, बोरघाट सगळे घाट केले. कारवाल्या मंडळींना एक सांगायचं राहिलंय बरेच दिवस. ट्रकच्या पुढं मोकळी जागा दिसते ना, ती त्यानं हौसेनं सोडलेली नसते. हवेचा ब्रेक पाय दाबल्याबरोबर लागत नाही, हवा नळीतून मागच्या चाकापर्यंत पोचायला थोडा वेळ घेते. त्यात वीस-पंचवीस टन माल. त्या जागेत तुम्ही कार घातली आणि लगेच ब्रेक मारला तर तो ड्रायव्हर देव आला तरी थांबवू शकत नाही. मग कागदावर लिहितात, ट्रकनं मागून ठोकलं.

उताराला तर फारच जपायचं. ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये उतरायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर आणि ड्रम तापतात, वास सुटतो, आणि मग पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे आहेत, त्यांना तर परवानाच देऊ नये. कुणाची चूक ते कोर्ट बघेल. पण घाटात तुमच्या मागं जड गाडी असेल आणि ती सारखी जवळ येत असेल, आरशात दिसत असेल, तर तिला वाट द्या. वाट द्यायला कमीपणा नाही.

घाटवाट

आबा, मनापासून आभार. हवेच्या ब्रेकचं मला ठाऊक नव्हतं. नवले पुलाचा उतार तर आमच्या घरापासून जवळच. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे ट्रकने एका दमात ४८ गाड्या उडवल्या. आधी ब्रेक फेल म्हटलं गेलं, पण प्राथमिक तपासात उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं पुढे आलं. त्या ४८ गाड्यांतल्या लोकांनी अंतर ठेवून काय होणार होतं, असा विचार येतो.

अ‍ॅड_मेधा

त्यांनी काहीच करायची गरज नव्हती घाटवाट, आणि कायदाही त्यांच्याकडून काही मागत नाही. तिथे दोष पूर्णपणे एका बाजूचा.

थांबलेल्या गाडीवर मागून आदळण्याचंही लिहिते, कारण महाराष्ट्रात माणसं त्यात फार जातात. रस्त्यात धोकादायक रीतीने गाडी उभी करणं हा कलम १२२ खाली गुन्हा आहे. रात्री दिवे न लावता, मागे त्रिकोण न ठेवता मधोमध ट्रक उभा असेल तर मागून आदळला म्हणून कारचालक दोषी असं सरसकट धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अशा प्रकरणांत उभ्या वाहनालाच जबाबदार धरलं. २०२४ च्या निकालातली आणखी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: चालकाची चूक असली तरी ती गाडीतल्या प्रवाशांच्या माथी मारून त्यांची भरपाई कापता येत नाही.

समृद्धीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर मागून आदळून १२ भाविक गेले. तो ट्रक रस्त्यात थांबवायला लावल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली होती. नुसतं "मागून धडक" एवढं वाचून कोणाला दोष देऊ नये, तो ट्रक तिथे का उभा होता हेही विचारलं पाहिजे.

सानिका_म

समृद्धीवर कारला १२० ची मुभा आणि पुढे ट्रक साठने चाललेला. मागचे लाल दिवे चिखलाने माखलेले किंवा एकच चालू. फरक ताशी साठचा, म्हणजे सेकंदाला १७ मीटर जवळ येतोय, आणि रात्री तो थांबलाय की चाललाय हे कळतच नाही. ट्रकच्या मागे परावर्तक पट्टी आणि खाली आडवा मजबूत बार हवा, नाहीतर कार सरळ आत घुसते आणि एअरबॅगचा काही उपयोग राहत नाही, कारण मार थेट काचेवर येतो. पट्टी नसलेल्या आणि बार वाकून लोंबणाऱ्या ट्रकला टोलनाक्यावरच का थांबवत नाहीत? टोल भरायला तर प्रत्येक जण तिथूनच जातो.

कऱ्हाडकर

+१. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही यात घ्या. हंगामात आमच्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्री चालतात, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. कारखान्यांनी परावर्तक वाटले की महिनाभर दिसतात, मग गळून पडतात. दरवर्षी कोणीतरी घरातला कर्ता जातो.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे मागून धडकलं की चूक मागच्याची असं प्रथमदर्शनी धरतात, खोडून काढायची जबाबदारी मागच्यावर. मात्र ते खोडता येतं, उदाहरणार्थ पुढच्याने नुकतीच लेन बदलून समोर घुसून ब्रेक मारला हे दाखवलं तर. अंतराचा साधा हिशोब शिकवतात: स्पीडोमीटरचा अर्धा आकडा, तितके मीटर. १०० ला ५० मीटर. ऑटोबानवर पुलांवरून कॅमेरे अंतर मोजतात, आणि फार चिकटून चालवलं तर परवाना काही काळ जातो. अपघात झाला नसला तरी.

इथली एक सवय मात्र भारतात आलो की मी पाळतो. वेगातल्या रस्त्यावर पुढे वाहतूक तुंबलेली दिसली की रांगेतला शेवटचा माणूस चारही इंडिकेटर लावतो, मागे दुसरा येऊन थांबेपर्यंत.

निरंजन_७७

@राईनकाठ, आपल्याकडे लोक पावसात आणि बोगद्यात चारही इंडिकेटर लावून चालवतात. मग तो थांबलाय की वळतोय, काही समजत नाही. थांबल्यावरच लावायचे हे कोणी शिकवलंच नाही.

पंचनामा

रांगेच्या शेवटी थांबताना आणखी एक. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढी जागा सोडून थांबा. मागून कोणी थांबत नाहीये असं आरशात दिसलं तर बाजूला निसटता येतं, आणि ठोकर बसलीच तर पुढच्यावर जाण्याची शक्यता कमी होते. सिग्नलवर मागे निदान एक गाडी येऊन थांबेपर्यंत गियरमधून काढू नका, आरसा बघत राहा.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. आज तिघे पुन्हा भेटलो. पुढच्याला क्लिप दाखवली, एकच हिसका बसल्याचं त्यानेही मान्य केलं. एसयूव्हीवाले सुरुवातीला तयार नव्हते, पण क्लिप बघून आणि नोंद करायचं ठरवल्यावर दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च द्यायला तयार झाले, तसं लिहूनही दिलं. मागचा कॅमेरा बसवून घेतोय.

मुलगी पुढच्या महिन्यात शिकाऊ परवाना काढतेय. दुचाकीला हे अंतराचं गणित कसं लागू होतं?

एसटीवाला_आबा

घाटवाट साहेब, लेकीला पुढच्या गाडीच्या मधोमध मागं चालवू देऊ नका. गाडीच्या पोटाखालून खड्डा निघतो तो थेट तिच्या चाकाखाली येतो. एका चाकाच्या रेषेत, जरा बाजूला ठेवून चालवावं, म्हणजे पुढचं दिसतं आणि निसटायला वाट राहते. थांबायच्या आधी ब्रेक दोनदा हलकेच दाबायचा, मागच्याला दिवा दिसतो. आणि तो दिवा लागतोय का, हे आठवड्यातून एकदा भिंतीजवळ गाडी लावून बघायला सांगा. पहिल्या पावसात पहिला अर्धा तास रस्त्यावर तेल वर येतं, तेवढा वेळ घाई नको. बाकी ती शिकेल.